जनसंपर्काचं मूळ शोधायला अमेरिकेत जायचं की पांडवलेण्यांत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला आहात. पाठ्यपुस्तकात पीआरची, म्हणजे जनसंपर्काची, सुरुवात आयव्ही ली आणि एडवर्ड बर्नेज या अमेरिकनांपासून होते, तर तुमचे सर वर्गात सांगतात की सम्राट अशोक हाच जगातला पहिला पीआर माणूस. दोघांत खरं कोण? आणि प्राचीन काळातलं एखादं उदाहरण घेऊन प्रोजेक्ट करायचा तर कोणतं घ्यावं?

मी नाशिकला बरीच वर्षं जनसंपर्काचं काम करते. कारखाने, हॉस्पिटलं, शिक्षणसंस्था आणि अधूनमधून निवडणुकीला उभी राहणारी माणसं, असे माझे क्लायंट. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. शिलालेख वाचायचा नाद मात्र आहे, आणि वाचताना डोळा धंद्याचाच असतो. तेव्हा उत्तरही धंद्याच्या अंगानेच देते.

'पहिला कोण' हा प्रश्न तुम्ही व्याख्या कशी करता त्यावर अवलंबून आहे. फी घेऊन, स्वतंत्र व्यवसाय म्हणून, वर्तमानपत्रांशी बोलणारा माणूस म्हणजे पीआर असं धरलंत तर पाठ्यपुस्तक बरोबर आहे. लीने 1906 मध्ये कोळसा खाणमालकांचं काम करताना आपली तत्त्वं लेखी जाहीर केली. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ रेल्वे अपघात झाला, तेव्हा माहिती दडपण्याऐवजी कंपनीकडून ती स्वतःच पत्रकारांना पुरवली. बर्नेजने 1923 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं आणि न्यूयॉर्क विद्यापीठात तो शिकवायलाही घेतला. हा झाला व्यवसायाचा इतिहास. पण लोकांच्या मनात आपलं नाव कसं राहावं याची जाणीवपूर्वक आखणी, ही व्याख्या घेतलीत तर सरांचं म्हणणंही खोटं नाही. उलट त्यांना अशोकाच्याही मागे जावं लागेल. इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसने कादेशची लढाई धड जिंकलेली नसताना देवळादेवळांच्या भिंतींवर ती एकट्याने जिंकल्याची चित्रं कोरून घेतली. इराणच्या दारयवहूने बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत स्वतःची बाजू मांडली आणि तिच्या प्रती साम्राज्यभर धाडल्या.

पण नुसती बढाई सापडली की तिला पीआर म्हणून मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. बढाई मारायला आखणी लागत नाही, खडक आणि पाथरवट असला की झालं. माझ्या कामात मी एकच प्रश्न आधी विचारते: ज्याच्यासमोर हे बोलायचं आहे, त्याला 'नाही' म्हणण्याची सोय आहे का? कामगाराला दुसरीकडे नोकरी मिळते, गावाला ग्रामसभेत हात वर न करण्याची मुभा असते, गिऱ्हाइकाला शेजारचं दुकान असतं. तिथेच नावलौकिकाला किंमत येते. समोरच्याला पर्यायच नसेल तर तुम्ही काय बोलता याने फारसा फरक पडत नाही. म्हणून प्राचीन उदाहरण शोधताना मी राजाचं भाषण बघत नाही. ऐकणारा कोण होता, तो काय तपासून पाहू शकत होता आणि त्याने पाठ फिरवली असती तर राजाचं काय अडलं असतं, हे बघते.

या कसोटीवर मला माझ्या घरापासून पाऊण तासावर असलेलं उदाहरण सगळ्यात भारी वाटतं: नाशिकची पांडवलेणी. शिलालेखांत या डोंगराचं नाव त्रिरश्मी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात इथे दोन घराणी एकापाठोपाठ एक आली, एकमेकांच्या उरावर बसली, आणि दोघांनीही याच डोंगरावर, त्याच भिक्षूंसमोर, आपापलं नाव उभं केलं. एकाच मार्केटमध्ये दोन स्पर्धक असले की काय होतं ते बघायला याहून सोयीची जागा नाही.

पहिलं घराणं क्षहरात क्षत्रपांचं (क्षत्रप म्हणजे इथले शक राज्यकर्ते). राजा नहपान, आणि त्याच्या वतीने सगळा कारभार आणि दानधर्म करणारा जावई उषवदात. उषवदात शक, म्हणजे बाहेरून आलेल्यांपैकी. दहा नंबरच्या लेण्यातला त्याचा लेख वाचला की वाटतं, हा माणूस आज असता तर त्याच्या वार्षिक अहवालाला शंभर पानं लागली असती. तीन लाख गाई दान, देवाब्राह्मणांना सोळा गावं, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवण, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी निवारे, बागा, विहिरी. पार, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावांची सोय. भरुकच्छ म्हणजे भडोच, शूर्पारक म्हणजे नालासोपारा आणि गोवर्धन तर नाशिकच्याच परिसरातलं. नकाशावर टिंबं मांडली तर ती व्यापाराच्या वाटांवर पडतात. लाखांचे आकडे कुणी मोजायला बसणार नव्हतं, ते भव्यतेसाठी आहेत. पण नाव आहे की नाही आणि नावाडी पैसे मागतो की नाही, हे कल्याण-सोपाऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाण्याला दर फेरीला कळत होतं.

या उषवदाताचा दुसरा एक लेख आहे, आणि माझ्यासारखीचा जीव त्यात जास्त रमतो. लेखात दिलेल्या 42 व्या वर्षी (हे त्याचं वय नव्हे, कालगणनेचं वर्ष) त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, कायमची ठेव ठेवली. पैसे राजवाड्यात ठेवले नाहीत. ते गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे, ठेवले: एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसरीकडे 1000, शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचं. हिशेब करून बघा. 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. आणि लेखात लिहिलंय की लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण वस्त्रांसाठी. वीस गुणिले बारा, 240. पै न् पै जुळते. ठेव ठेवली कोष्ट्यांकडे आणि व्याज खर्च व्हायचं कापडावर, हेही गंमतीचं आहे.

लेखाच्या शेवटी आणखी एक वाक्य येतं, आणि मी नव्या मुलांना हेच वाक्य दाखवते. हे सगळं निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखवलं आहे आणि रिवाजाप्रमाणे दप्तराच्या फळ्यावर नोंदवलं आहे, असं त्यात आहे. म्हणजे देणगी द्यायची, ती अशा लोकांच्या हातात सोपवायची की उद्या ती थांबली तर ते ओरडतील, ती चारचौघांत जाहीर करायची, नोंद ठेवायची, आणि मग कोरायची. कोरणं हे सगळ्यात शेवटचं काम. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या क्लायंटना क्रम उलटा हवा असतो. आधी बातमी लावा, देणगीचं बघू.

मग दुसऱ्या, म्हणजे सातवाहन घराण्यातला राजा गौतमीपुत्र सातकर्णी आला आणि त्याने क्षहरातांना उखडलं. आता धंद्याच्या दृष्टीने त्याची अडचण बघा. भिक्षूंच्या अंगावरची चीवरं उषवदाताच्या व्याजातून येतायत, व्यापाऱ्यांच्या खिशात नहपानाचा चेहरा असलेली चांदीची नाणी आहेत, आणि डोंगरावरचं सगळ्यात देखणं लेणं हरलेल्यांच्या नावाचं. लढाई जिंकली, पण नाव शत्रूचंच चालू.

नाण्यांचं त्याने काय केलं हे आपल्याला 1906 मध्ये कळलं, नाशिकजवळच्या जोगळटेंभीत मोठा साठा सापडला तेव्हा. (लीचं अमेरिकेतलं जाहीरनामा वर्षही हेच. आमच्या धंद्याचा जन्म आणि त्याचा खापरपणजोबा एकाच वर्षी उजेडात आले म्हणायचे.) तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का मारलेला. नाणी वितळवून नवी पाडली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपली टेकडीची खूण आणि पलीकडे उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळं असलेला क्रॉस) ठोकलं. पुष्कळ नाण्यांत खालचा चेहरा अजून डोकावतो. काही जण म्हणतात की घाई होती, खर्च वाचवला. असेलही. पण परिणाम बघा: नाणं हातात घेणाऱ्याला जुना मालक कोण, नवा कोण, आणि नव्याने जुन्याचं काय केलं, हे तिन्ही एका नजरेत कळतं. आणि नाण्याचं वजन, चांदी तीच, त्यामुळे बाजार घाबरत नाही. कंपनी विकत घेतल्यावर पाटी बदलायची पण माल तोच ठेवायचा, असं नव्या मालकाला मी आजही सांगते.

लेण्यांबाबतही तसंच. तीन नंबरचं लेणं बघितलंत तर त्याचे खांब आणि मांडणी उषवदाताच्या दहा नंबरवर बेतलेली दिसते, फक्त जास्त भरजरी. दर्शनी भागाखाली सहा दगडी यक्षांनी तुळया खांद्यावर घेतल्यात. स्पर्धकाचं जे लोकांना आवडलंय ते टाकून द्यायचं नाही, तेच मोठं करून आपल्या नावावर आणायचं. कार्ल्यालाही हेच दिसतं: उषवदाताने दिलेलं करजिक गाव सातवाहनांच्या हुकुमात पुन्हा तिथल्या भिक्षूंना दिलेलं आहे. देणगी चालू, दाता बदलला.

पण मला तुम्हाला दाखवायची आहे ती तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यातली वेगळीच गोष्ट. पुढे येणाऱ्या भल्यामोठ्या प्रशस्तीच्या, म्हणजे राजाच्या स्तुतिलेखाच्या, मानाने हिच्याकडे फार कुणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते सगळ्या डोंगरावर पीआर म्हणावं असं सगळ्यात अस्सल काम हेच आहे.

आपल्या राज्याच्या अठराव्या वर्षी गौतमीपुत्राने गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित याला हुकूम काढला: पश्चिम काखडी गावातलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमीन मोजायचं जुनं माप) शेत, जे उषवदाताकडे होतं, ते त्रिरश्मीवरच्या भिक्षूंना द्या. इथपर्यंत नेहमीचंच. शत्रूची जमीन काढून धर्मादाय दिली, दोन्ही बाजूंनी फायदा. पण त्याखाली चोविसाव्या वर्षीचा दुसरा हुकूम आहे. तो राजाच्या आणि राजमातेच्या अशा दोघांच्या नावाने आहे आणि श्यामक नावाच्या अमात्याला उद्देशून आहे. त्यात म्हटलंय की पूर्वी आम्ही काखडीचं शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि त्या गावात वस्तीही नाही. तेव्हा आता नगराच्या शिवेवरची आमच्या मालकीची 100 निवर्तनं जमीन त्याऐवजी द्या.

हे पुन्हा एकदा वाचा. विजेता राजा, दक्षिणापथाचा, म्हणजे दख्खनचा, स्वामी, सहा वर्षांनी दगडावर कोरून सांगतोय की आम्ही दिलेल्या दानातून तुम्हाला काहीच मिळालं नाही. क्षेत्र निम्मं झालं तेही आकड्यात लिहिलंय, लपवलेलं नाही. पहिला हुकूम खरवडून काढणं त्यांना सहज जमलं असतं. तसं केलेलं नाही, दोन्ही एकत्र आहेत. का? माझा तर्क असा: ज्यांना शेत दिलं ते भिक्षू तिथेच राहत होते. त्यांना धान्य मिळत नाही हे डोंगर चढून येणाऱ्या प्रत्येक उपासकाला कळत होतं. चर्चा आधीच चालू होती. अशा वेळी पहिला लेख पुसला तर लोक म्हणणार, बोलला आणि फिरला. तो ठेवून खाली दुरुस्ती केली तर लोक म्हणणार, कळलं आणि बदललं.

मी एका कारखान्याचं काम करत असताना त्यांनी शेजारच्या गावाला पाण्याची टाकी बांधून दिली होती. फीत कापली, फोटो छापून आले, पण टाकीला जोडणीच नव्हती आणि बायका पूर्वीसारख्याच हापशावर. कारखान्याच्या लोकांना हवा होता नव्या शाळेच्या खोल्यांचा कार्यक्रम, म्हणजे टाकीचा विषय मागे पडेल. मी त्यांना चोविसाव्या वर्षीच्या हुकुमाची गोष्ट सांगितली. पटायला वेळ लागला. शेवटी व्यवस्थापकाने ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की टाकी दिली पण पाणी दिलं नाही, जोडणी अमुक तारखेपर्यंत होईल आणि ती टाकीच्या भिंतीवरच लिहून ठेवतोय. पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. पण पुढच्या पावसाळ्यात कारखान्याच्या रस्त्यावरून वाद झाला तेव्हा त्याच गावचे लोक बसून बोलायला तयार झाले. आमच्या धंद्यात मिळकत म्हणतात ती ही. कात्रणांच्या फायलीत ती दिसत नाही.

आता त्या प्रसिद्ध प्रशस्तीकडे. गौतमीपुत्राच्या पश्चात, त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, आजी गौतमी बलश्रीने हे लेणं भिक्षूंना अर्पण केलं आणि त्या दानलेखात गेलेल्या मुलाचं वर्णन कोरून घेतलं. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने शक, यवन (ग्रीक) आणि पल्हव (इराणकडचे) यांचा नाश केला, क्षहरातांचा वंश निःशेष केला, सातवाहन कुळाचं यश पुन्हा प्रस्थापित केलं. त्याच दमात: धर्माने ठरलेलेच कर घेतले, नागरिकांच्या सुखदुःखात सुखदुःख मानलं, अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा त्याला रुचत नसे, आणि आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही.

वंश निःशेष केला आणि हिंसा रुचत नसे, ही दोन वाक्यं एकाच लेखात कशी राहतात? मला वाटतं, बोलणारी आई आहे म्हणून. हेच राजाने स्वतः कोरलं असतं तर डोळ्यात खुपलं असतं. आईच्या तोंडी आपण ते सोसतो. शिवाय बलश्री स्वतःची ओळख करून देते ती सत्य, दान, क्षमा, अहिंसा, संयम यांत रमलेली, राजर्षीच्या घरातली स्त्री म्हणून. साक्षीदाराची पत आधी, साक्ष नंतर. आम्ही प्रवक्ता निवडतो तेव्हा नेमकं हेच करत असतो. आणि ही सगळी स्तुती एका दानपत्राच्या आत बसवलेली आहे. लेणं खरंच दिलं, त्याच्या रंगकामासाठी एक गावही खरंच दिलं. त्या खऱ्या दानाच्या पाठीवर बसून तीन समुद्रांचे घोडे आले.

हे सगळं खरं मानायचं का? तर आता काठेवाडात जा. जुनागढजवळ गिरनारच्या पायथ्याला एक मोठा खडक आहे. त्यावर अशोकाचे लेख आहेतच, आणि त्यावरच क्षत्रप रुद्रदामनचा इसवी सन 150 चा लेख. रुद्रदामनही शकच, पण वेगळ्या घराण्यातला. तो म्हणतो, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णी याला मी समोरासमोर दोनदा हरवलं, पण जवळचं नातं असल्याने संपवलं नाही, आणि त्यातून मला यश मिळालं. दोन्ही लेखांतल्या प्रदेशांच्या याद्या शेजारी ठेवा. सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, आकरावंती ही नावं बलश्रीच्या यादीत आहेत आणि रुद्रदामनच्याही. दोन्ही बाजू तेच प्रदेश आपले सांगतायत. एका बाजूची प्रेस नोट वाचून इतिहास लिहू नये, ते याचसाठी.

रुद्रदामनचा लेख मुळात आहे मात्र एका फुटलेल्या धरणाबद्दल, आणि क्रायसिस कम्युनिकेशन शिकायचं तर तो अख्खा वाचा. सुदर्शन नावाचा तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळात त्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने बांधला. अशोकाच्या काळात तुषास्फ नावाच्या यवन राजाने त्याला पाट काढले. मार्गशीर्षात प्रचंड वादळी पाऊस झाला आणि बांधाला खिंडार पडलं: 420 हात लांब, तितकंच रुंद, 75 हात खोल. पाणी वाहून गेलं, तळ्याचं वाळवंट झालं. काम इतकं मोठं की राजाच्या मंत्र्यांनीच दुरुस्तीला नकार दिला. बांध पुन्हा होणार नाही म्हणून लोकांत हाहाकार झाला. मग सुविशाख नावाच्या पल्हव अमात्याने काम पुरं केलं. आणि राजा सांगतो की यासाठी नगरातल्या वा खेड्यापाड्यातल्या लोकांवर कर, वेठबिगार किंवा सक्तीची वर्गणी लादली नाही, पैसा माझ्या खजिन्यातला.

यात नुकसानीचा आकडा आहे, सरकारातला अंतर्गत मतभेद आहे, लोकांचा आक्रोश आहे, काम करणाऱ्याचं नाव आहे, आधीच्या राजवटींचं श्रेयही आहे. आजच्या कुठल्याही सरकारी निवेदनात यातलं एखादं तरी सापडतं का, बघा. आणखी एक बारकी गोष्ट. रुद्रदामनही म्हणतो की मनुष्यवध न करण्याचं माझं व्रत आहे. पण लगेच जोडतो: युद्ध सोडून. त्या एका सवलतीने त्याचं वाक्य बलश्रीच्या वाक्यापेक्षा जास्त विश्वसनीय वाटतं. दाव्याला मर्यादा घातली की तो पेलतो, हे क्लायंटला पटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे.

आता तुमच्या सरांचा अशोक. तो पहिला नाही, पण एका बाबतीत अचाट आहे: कुणासमोर काय बोलायचं आणि काय नाही, याचं भान. कलिंगच्या युद्धात दीड लाख लोक नेले गेले, एक लाख मारले गेले, आणि त्याचा मला पश्चात्ताप होतो, हा तेरावा लेख सगळ्यांना माहीत असतो. तो कुठे नाही हे कमी जणांना माहीत असतं. तो कलिंगातच नाही. ओडिशात धौली आणि जौगडला अकरावा, बारावा आणि तेरावा लेख गाळलेत आणि त्यांच्या जागी दोन वेगळे लेख आहेत, अधिकाऱ्यांना उद्देशून: सगळी माणसं माझी लेकरं आहेत, कुणाला विनाकारण कैद किंवा छळ होऊ देऊ नका. आणि ते तिष्य, म्हणजे पुष्य, नक्षत्राच्या दिवशी वाचून दाखवा, ऐकणारा एकटा असला तरी वाचा. ज्यांची घरं उजाडली त्यांना आकडे ऐकवायचे नव्हते. त्यांना हवं होतं की उद्या हाकिम दारात आला तर कसा वागेल याची हमी. याला कुणी सोयीस्कर मौन म्हणेल, कुणी शहाणपण. मी दोन्ही म्हणेन. अशोकाच्या लेखांचे तुकडे आपल्या नालासोपाऱ्यालाही सापडलेत, पण तो विषय तुमच्या प्रोजेक्टमध्ये कोंबू नका, पसारा होईल.

दुसरी बाजू टाळू नका. कौटिलीय अर्थशास्त्रात हेराच्या जोड्या तीर्थक्षेत्री, सभांत, गर्दीच्या ठिकाणी पाठवायला सांगितलंय. एकाने म्हणायचं, राजा गुणी म्हणतात, पण दंड आणि करांनी लोकांना पिळतो त्यात गुण कुठला? लोक माना डोलावू लागले की दुसऱ्याने त्याला खोडून काढायचं: राजा नव्हता तेव्हा मोठा मासा लहानाला गिळत होता, म्हणून तर लोकांनी मनूला राजा केला आणि धान्याचा वाटा द्यायला लागले. भांडण खोटं, श्रोते खरे. पुढे एका ठिकाणी राजा सर्वज्ञ आहे आणि देवांशी बोलतो असा समज पसरवण्याच्या युक्त्याही आहेत, भुयारातून हेराने अग्नीच्या आतून बोलणं वगैरे. आज कुणी मला पन्नास खोटे रिव्ह्यू टाकून द्या म्हणतं, तेव्हा ते नवं काही मागत नसतं. मी करत नाही, कारण वर सांगितलेल्या कसोटीवर ते बसत नाही: समोरच्याला तपासता येईल असं त्यात काहीच नसतं, आणि एकदा भुयार सापडलं की देवही जातो.

आता या पुराव्याची मर्यादा. हे सगळे लेख पैसे देणाऱ्याने कोरलेत. भिक्षू खासगीत काय म्हणत होते, कोष्टी व्याज वेळेवर देत होते का, काखडीचं गाव ओस का पडलं होतं, यातलं काही दगडावर नाही. तेव्हा 'या पीआरमुळे सातवाहनांची प्रतिमा उंचावली' असं वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहू नका. परीक्षकाने पुरावा मागितला तर हातात काही नसेल. 'प्रतिमा उंचावण्यासाठी काय केलं' इतकंच लिहा, त्याला पुरावा भिंतीवर आहे.

आणि टिकण्याबद्दलही जपून. दगड टिकला, पण ब्राह्मी वाचणारे संपले. 1837 मध्ये जेम्स प्रिन्सेपने ती लिपी उलगडेपर्यंत नाशिकच्या माणसाला ना नहपान माहीत होता, ना उषवदात, ना बलश्री. एवढं मोठं काम कुणी केलं असेल? पांडवांनी. डोंगराचं नाव पडलं ते पडलंच, आणि रिक्षावाल्याला आजही तेच सांगावं लागतं. आपण कितीही कोरलं तरी श्रेय कुणाला द्यायचं हे शेवटी लोक त्यांना माहीत असलेल्या गोष्टींतून ठरवतात.

तेव्हा माझा सल्ला: 'पीआरचा जनक कोण' असा विषय घेऊ नका, तो वाद व्याख्येवरच संपतो. तीन आणि दहा नंबरची लेणी घ्या, दोन घराण्यांनी एकाच श्रोत्यासमोर कसं नाव केलं हे लिहा, आणि तुलनेला रुद्रदामनचं धरण. ली आणि बर्नेज पहिल्या दोन पानांत आटपा. लेखांची भाषांतरं छापलेली मिळतात, मूळ प्राकृत आलंच पाहिजे असं नाही. प्रत्येक दाव्यापुढे एक रकाना आखा: हे त्या वेळच्या भिक्षूला, व्यापाऱ्याला किंवा शेतकऱ्याला स्वतः पडताळता येत होतं का. तीन समुद्रांपुढे 'नाही' येईल, बारा कार्षापणांपुढे 'हो' येईल. तेवढ्या रकान्यावर तुमची अर्धी मांडणी उभी राहील. प्रत्यक्ष बघायला आलात तर आधी दहा नंबरला जा आणि मग तीनला, नाहीतर कुणी कुणाची नक्कल केली ते उलटंच वाटतं.